दावतीत काशीफळाला जागा द्या

सोयाबीनची काढणी उरकत आली की आपल्या भागात दोन गोष्टी बरोबरच येतात. टिनावर आणि कुंपणावर चढलेल्या वेलांची काशीफळं पिकतात, आणि शाळांना दिवाळीच्या सुट्ट्या लागतात. सुट्ट्या लागल्या की लेकी लेकरांना घेऊन माहेरी येतात, पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली पोरं घरी येतात. कुणाची मंगनी ठरते, कुणाकडे अकीका असतो, कुणी नवं घर बांधलेलं असतं. आम्ही पुसेगावात राहतो. इथे काय किंवा सेनगाव, हिंगोलीकडे काय, दावतींचा खरा मोसम हाच.

दावत म्हटलं की आधी बोकडाचा हिशोब होतो. किती किलो, किती पातेली, बिर्याणी की सालन-भात. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर करावं. हलाल कमाईतून लोकांना जेवू घालणं ही नेकीच आहे. पण अनेक घरांत सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधीच मटणवाल्याची उधारी होऊन बसते. ‘मागच्या महिन्यात त्यांच्याकडे दोन प्रकारचं गोश्त होतं, आपल्याकडे एकच कसं चालेल?’ एवढ्या एका वाक्यापायी बियाण्याचे आणि फीचे पैसे देगेत जातात. रब्बीची पेरणी तोंडावर असते, आणि हरभऱ्याच्या बियाण्यासाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. आपल्या दावतीला हिंदू शेजारी येतात, शाळेतले सहकारी येतात. त्यांतले कितीतरी माळकरी असतात. संत नामदेवांची नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांना आपण ओसरीवर खुर्ची देतो, चहा-बिस्किटं देतो आणि निरोप देतो. माणूस मुबारकबाद द्यायला आला आणि दस्तरखानावर न बसताच गेला, हे बरं वाटत नाही. त्यांना वाढता येईल असं काही आपण रांधलेलंच नसतं.

या दोन्ही अडचणींवर काशीफळ हा चांगला उपाय आहे. एक किलो मटणाच्या पैशात पंधरा-वीस किलो काशीफळ येतं, आणि ज्यांच्या परसात वेल आहे त्यांना तेही पैसे लागत नाहीत. दोन गोश्तांच्या जागी एक गोश्त आणि एक मोठी परात भाजलेल्या काशीफळाची, असं एकदा करून पाहा. परात रिकामी होईल.

आधी नावाचा घोळ मिटवू. पुस्तकात ज्याला लाल भोपळा म्हणतात त्यालाच कुणी काशीफळ म्हणतं, कुणी गंगाफळ, कुणी डांगर. आपल्या घरातल्या दखनी बोलीत तो लाल कद्दू किंवा मीठा कद्दू. नुसतं ‘कद्दू’ म्हटलं की हैदराबादकडे दुधी भोपळा समजतात. तिकडची कद्दूची खीर दुधीचीच असते.

हा फरक आणखी एका कारणासाठी माहीत हवा. सहीह बुखारीत हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांची रिवायत आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावलं. जवाची भाकरी आणि शोरबा, त्यात भोपळा आणि वाळवलेलं गोश्त, एवढंच जेवण होतं. प्रेषित (स.) ताटातले भोपळ्याचे तुकडे शोधून शोधून खात होते, हे अनस (रजि.) यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांनाही भोपळा आवडू लागला. तिथला ‘दुब्बा’ म्हणजे दुधी. आपला लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ नंतर युरोपीय जहाजं तिकडे जाऊ-येऊ लागली, तेव्हा कुठे तो इकडच्या जगाला माहीत झाला. म्हणून लाल भोपळा खाल्ला म्हणजे सुन्नत झाली असं आम्ही म्हणणार नाही. पण शिंप्याची साधी दावत कबूल झाली आणि आवडीने खाल्ली गेली, ही शिकवण कोणत्याही भाजीला लागू आहे.

आता कृती. बारा ते पंधरा माणसांसाठी तीन किलोचं पिकलेलं काशीफळ घ्या. देठ वाळलेला असावा, सालीत नख सहज रुतू नये आणि फळ हाताला जड लागावं. कापल्यावर आतला गर गडद केशरी हवा. बिया आणि दोरे काढा, साल राहू द्या. भाजताना फोडी सालीमुळेच धरून राहतात. दोन-दोन बोटं जाडीच्या फोडी करा. एक तुकडा कच्चाच चाखून पाहा. कडू लागला तर ते फळ सरळ फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि अशा भोपळ्याने पोट बिघडतं.

फोडींना अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल, दीड चमचा हळद आणि दोन चमचे लाल तिखट चोळा. हे चमचे चहाचे. हळद आपल्या वसमतकडची असली तर रंग बघायलाच नको. मीठ आत्ता घालू नका, मिठाने पाणी सुटतं आणि फोडी भाजण्याऐवजी उकडतात. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते आटलं की गोडी वाढते आणि कडा खरपूस होतात. उकडलेला भोपळा फिका लागतो तो याच कारणाने.

लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापवून फोडी एकाच थरात मांडा. झाकण ठेवू नका. चार-पाच मिनिटं हलवू नका, मग उलटा. दोन्ही बाजूंना डाग पडले की आच मंद करून आणखी दहा-बारा मिनिटं ठेवा. सुरी सालीतून अलगद गेली म्हणजे झालं. तीन किलोचे तीन-चार घाणे होतील. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर साधारण चाळीस मिनिटं लागतात, मधे एकदा फोडी उलटाव्या.

शेतात किंवा अंगणात चूल पेटवणार असाल तर दीड-दोन किलोचं लहान फळ अख्खंच फुफाट्यात भाजा. तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ बसला आणि निखारे उरले की फळ त्यात पुरायचं. त्याआधी देठाजवळ सुरीने एक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर आतल्या वाफेने फळ फुटतं आणि निखारे उडतात. लेकरं आसपास असतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. तासाभरात साल काळी पडते आणि आतला गर लोण्यासारखा होतो. तो चमच्याने काढून मोठे तुकडे ठेवा.

फोडणीला लहान लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढा, १०० ग्रॅम गूळ चिरून ठेवा. अर्धी वाटी तेलात मोहरी, दोन चमचे जिरं, अर्धा चमचा मेथीदाणे, चार सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता. मेथी लालसर झाली की लगेच चिंचेचा कोळ घाला. काळी पडली तर सगळं कडू होतं. त्यात गूळ आणि चार चमचे मीठ घालून दोन-तीन मिनिटं उकळा. रस किंचित दाटला की भाजलेल्या फोडींवर ओता आणि हलक्या हाताने कालवा. गूळ सुरुवातीलाच फोडींना लावला तर तव्यावर करपतो, म्हणून तो शेवटी. वरून एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, तीन मोठे चमचे भाजलेले तीळ आणि कोथिंबीर. दहा मिनिटं मुरू द्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर, खिचडीबरोबर, बिर्याणीच्या बाजूलाही छान लागतं.

यात कांदा-लसूण मुद्दाम घातलेला नाही, म्हणजे माळकरी शेजारी आणि जैन दुकानदारही खाऊ शकतात. पण तवा, कढई आणि पळी वेगळी ठेवा, आणि हे पाहुण्याला आधीच सांगा. त्याने विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, यात दोघांनाही संकोच होतो. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी येते. त्या दिवशी कुणी उपाशी असेल तर हळद, तीळ, मेथी, मोहरी टाळून तुपाची जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट आणि दही घातलेलं भरीत करा. लाल भोपळा बहुतेक घरांत उपासाला चालतो. तरी ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्या घरी विचारून घ्यावं. प्रत्येक घराची रीत वेगळी असते.

घरात शुगरवाले असतील तर त्यांच्या फोडी गुळाचा रस ओतण्याआधीच बाजूला काढा आणि वर मीठ, लिंबू, तीळ घाला. भाजलेला भोपळा मुळातच गोड असतो, वरचा गूळ त्यांना नको. तरी बेतानेच वाढा. भोपळ्याच्या केशरी रंगातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं आणि ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं, म्हणून लेकरांच्या ताटात हे जरूर पडू द्या.

फोडणी द्यायच्या आधी थोड्या फोडी साध्याच बाजूला ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांचा गर गूळ आणि कणकेत मळून घाऱ्या होतात. पाहुण्यांच्या परतीच्या डब्याला त्या उत्तम, दोन दिवस सहज टिकतात.

अख्खं फळ कोरड्या जागी, फळीवर किंवा कडब्यावर ठेवलं तर दोन-तीन महिने राहतं. कापलेलं मात्र बिया काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बियांतल्या भरलेल्या, जाड बिया धुऊन सावलीत वाळवा. काही भाजून लेकरांना द्या, बाकीच्या राखेत घोळून डब्यात ठेवा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की परसात टोका. वेलाला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. पावसाची झड लागून मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर सकाळीच नर फूल तोडून मादी फुलाला लावावं. शाळेतली पोरं हे एकदा दाखवलं की कधी विसरत नाहीत. वेलाला दोन फळं जास्त लागली तर एक शेजारी द्या, आणि त्यातल्या बियाही ठेवायला सांगा.