दुखणे दडपणारी गोळी

वेदना ही शरीराने केलेली तक्रार होय. ती ऐकून घेण्याची सवड ज्याला आहे तो दोन दिवस पडून राहतो. ज्याला ती सवड नाही तो गोळी घेऊन कामावर जातो. वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा नाही, तो श्रमाच्या अटींचाही आहे.

ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे; परंतु ते नेमके काय करते याचा उलगडा १९७१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. इजा झालेल्या जागी सायक्लोऑक्सिजिनेज नावाचे विकर प्रोस्टाग्लॅन्डिन ही द्रव्ये तयार करते. सूज, ठणका आणि ताप यांमागे हीच द्रव्ये असतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे त्या विकरालाच अडवतात. ठणका थांबतो, दुखण्याचे कारण मात्र जागच्या जागी राहते.

शिवाय हीच द्रव्ये शरीरात राखणदारीचेही काम करतात. जठराच्या अस्तराला ती आम्लापासून वाचवतात, आणि अंगातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी शत्रू-मित्र ओळखत नाही. ठणक्याबरोबर राखणदारही जातो. त्यातून जठरात व्रण होतात, काळी शौचास होते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुई घेतली म्हणजे पोटाला त्रास नाही, ही समजूत चुकीची आहे. औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच.

जठराला सौम्य अशी गोळी काढल्याचा गाजावाजा १९९९ साली झाला. अमेरिकेतील मर्क कंपनीचे ते औषध 'व्हायॉक्स'. त्याने हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर २००४ च्या सप्टेंबरात ते जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. तोवर लक्षावधी लोकांनी ते घेतले होते. भारतात निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर बंदी आली ती २०११ साली. तत्पूर्वी अनेक वर्षे ते मुलांच्या तापावर सर्रास दिले जात होते.

आता हे ज्ञान उसाच्या फडावर नेऊन पाहावे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल अंगावर. खाडा पडला तर मजुरी जाते आणि वर दंड. उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता, मोळ्या वाहणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड याच द्रव्यांच्या आधारावर तग धरून असते. नेमक्या त्याच वेळी, बहुधा उपाशीपोटी, तो दुकानातली गोळी गिळतो. ज्याला आपण अंगदुखीवरचा साधा उपाय म्हणतो, तो त्याच्या बाबतीत सर्वांत धोक्याच्या क्षणी घेतलेला असतो.

या औषधांवर सरसकट बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. संधिवाताच्या रुग्णाला ती चालते-फिरते ठेवतात. आमचे म्हणणे एवढेच की, डायक्लोफेनॅकसारखे औषध चिठ्ठीवाचून विकू नये हा नियम कागदावर आहे, तो दुकानात दिसला पाहिजे. आणि ती चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर असला पाहिजे. डॉक्टर नसताना नुसती दुकानदारावर धाड घालणे म्हणजे मजुराची गोळी काढून घेऊन ठणका त्याच्याकडेच ठेवणे होय.

कार्यकर्त्यांनी टोळ्यांवर जाताना काही गोष्टी सांगाव्यात. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, सलग दिवस घेऊ नये, दोन निरनिराळ्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेऊ नयेत. गर्भवती स्त्रीने, तसेच रक्तदाबाचे अथवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊच नये. साध्या तापा-ठणक्याला ठरलेल्या प्रमाणातील पॅरासिटामॉल पुष्कळदा पुरते. अर्थात अतिरेक झाल्यास तेही यकृताला घातक ठरते. शौचास काळी झाली वा लघवी कमी झाली तर गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

पण एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. कंबर दुखते म्हणून एक दिवस बसणाऱ्या मजुराला दंड करणारी व्यवस्था कायम असेल, तर उत्तमात उत्तम आरोग्यशिक्षणही फडाच्या बांधावरच थबकेल. आजारपणाची पगारी रजा, फडावर पिण्याचे पाणी आणि खाड्याच्या दंडाची समाप्ती या मागण्या मजुरीच्या करारात आल्या पाहिजेत. विश्रांती हाही औषधोपचारच आहे, आणि तो आज केवळ पैसेवाल्यांना मिळतो आहे.