किलोभर उपग्रह, आठ वर्षांचं काम

उपग्रह म्हटलं की श्रीहरिकोटा, उलटी मोजणी आणि टाळ्या आठवतात. या अंकात आम्ही त्याआधीच्या वर्षांकडे वळलो आहोत. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. वजन जेमतेम किलोभर. दिशा राखायला आत चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तो वीज न खर्चता जुळवून घेणार, अशी रचना. काम मात्र २००८ पासूनचं. म्हणजे पहिले आराखडे काढणारे उड्डाणाच्या वेळी कधीच पदवी घेऊन बाहेर पडलेले!

आम्हाला तंत्राइतकंच कुतूहल या हस्तांतराचं आहे. एखादी तार इथूनच का नेली, हे पुढच्या तुकडीला कोण सांगतं? (नोंदी नीट ठेवणारा अभियंता दुर्मीळच, असं आमचं मत.)

२०२० पासून अंतराळक्षेत्र खासगी उद्योगांना खुलं होत गेलं आणि उपग्रह घडवण्याची ही वाट आता आपल्या घरांतल्या मुलामुलींनाही दिसू लागली आहे. म्हणून मुखलेखात एका अभियंत्याचा अनुभव आहे, सोल्डरिंगच्या टेबलापासून कंपन-चाचणीपर्यंतचा. तुम्ही अशा एखाद्या चमूत असाल, तर जरूर लिहा. फसलेल्या चाचण्यांबद्दल आधी.