वणव्याच्या बंदोबस्ताविषयी काही विचार

महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करून प्रस्तुत लेखक नुकताच सेवेतून निवृत्त झाला. त्या मुदतीत डोंगराकडच्या गावांतील वणव्यांचे किती पंचनामे हातून लिहिले गेले याची गणती ठेवलेली नाही. परंतु त्या सर्वांत एक वाक्य न चुकता येत असे, ते हे की, 'अज्ञात इसमाने लावलेल्या आगीमुळे'. तो इसम कोण, हे गावातील पोराबाळांसही कित्येकदा ठाऊक असे. एका फाल्गुनात एका गृहस्थाच्या गवताच्या तीन गंज्या, गोठा व दावणीची गाय जळाली. गाय सोडविण्यास धावलेल्या त्या गृहस्थाचे दोन्ही हात असे भाजले होते की, पंचनाम्यावर त्यास सही करता आली नाही व अंगठाही उठविता आला नाही. शेजाऱ्यांपैकी कोणी जबाब देईना. कागद पुरा होऊन दप्तरी दाखल झाला आणि त्यापुढे काहीच झाले नाही. तो कागद लिहिणाऱ्याच हाताने हा लेख लिहिला जात आहे, तेव्हा त्यात थोडी टोचणी दिसल्यास वाचकांनी क्षमा करावी.

वणव्याविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, डोंगर जाळल्यावाचून गवत चांगले फुटत नाही. जंगलखाते म्हणते, काडी ओढणे हाच गुन्हा. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धीच खरी आहेत, आणि अर्ध्या खऱ्या मतांच्या ओढाताणीत दरसाल डोंगर मात्र पुरता जळतो.

प्रथम आपल्या घरचे पाहू. जाळलेल्या माळावर पहिल्या सरीनंतर गवत लवकर व हिरवेगार दिसते हे खरे. जुने वाळके गवत नाहीसे झाल्यामुळे उजेड खाली पोचतो, आणि राखेतील पालाश व चुना मुळांस मिळतो. परंतु गवतातील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो, व उतारावरची राख वळवाच्या एका जोरदार सरीने ओढ्यास मिळते. म्हणजे जे खत म्हणून आपण मोजतो ते खालच्या गावाच्या बंधाऱ्यात जाऊन बसते. याहून मोठी गोष्ट कुसळीची आहे. कुसळीच्या बियांना जे पीळदार कुसळ असते ते दमट-कोरड्या हवेने फिरत जाऊन बी जमिनीत रोवते. गवताची आग वरवर पळते. दोन-तीन बोटे खाली तिची धग फारशी पोचत नाही. त्यामुळे उघड्यावर पडलेले इतर गवतांचे बी भाजून निघते आणि रोवलेली कुसळी सुखरूप राहते. मारवेल, पवन्या यांसारखी गुरांना रुचणारी गवते मागे हटून माळ कुसळीने भरला, अशी तक्रार जो शेतकरी करतो, त्याने आपल्या हातातील आगपेटीकडे एकदा पाहावे. ज्या गवताची कुसळे मेंढरांच्या कातडीत शिरतात, त्याचीच आपण आगीने लागवड करीत असतो.

आता दुसरी बाजू. ती आम्ही सरकारी नोकरीत असताना कोणी सांगितली असती तर पटली नसती, इतके त्या काळी कलमांवर प्रेम होते. हिंदुस्थानात जंगलाला आगीपासून अजिबात दूर ठेवण्याचा उद्योग १८६० नंतर सातपुड्यातील बोरीच्या रानात कॅप्टन पिअर्सन याने करून दाखविला, व तोच सर्वत्र आदर्श ठरला. परंतु १८९६ सालीच ब्रह्मदेशात काम करणाऱ्या स्लेड नामक अधिकाऱ्याने लिहिले की, आगीपासून अति संरक्षण केल्यामुळे सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली आहेत. पुढे बंगाल व आसामात सालवृक्षाचाही तोच अनुभव आला: आग बंद झाली, खाली दाट ओले झुडुपांचे रान माजले, आणि त्याच्या सावलीत सालाचे रोप जगेना. शेवटी ज्या खात्याने आग बंद केली त्याच खात्यास बेताबेताने ती पुन्हा लावावी लागली.

अमेरिकेने हाच धडा पुष्कळ मोठी फी देऊन घेतला. तेथे १९१० सालच्या प्रचंड वणव्यांत आयडाहो व माँटाना या प्रांतांतील सुमारे तीस लाख एकर रान जळाले. त्या धास्तीने पुढे १९३५ साली असा दंडक झाला की, कोणतीही आग लागलेली दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. माणसे, यंत्रे, विमाने, कशाची उणीव नव्हती. चार दशके या नियमाने काम चालले, आणि तितक्या वर्षांचा पालापाचोळा व बारीक झुडूप रानात साठत गेले. कॅलिफोर्नियातील सिकोया नावाच्या महावृक्षांची फळे आगीच्या धगीने उकलतात आणि त्यांच्या बियांना उघडी माती लागते. आग थांबविल्यावर त्या झाडांखाली नवे रोप दिसेना. तेव्हा १९६८ सालापासून तेथील राष्ट्रीय उद्यानात खाते स्वतःच ठरवून लहान आगी लावू लागले. १९७८ साली सकाळी दहाचा दंडकही रद्द झाला. तथापि साठलेले सरपण काही कागदावरच्या हुकमाने कमी होत नाही. २०२० सालच्या एका वणव्यात हजारो वर्षे उभे असलेले कित्येक सिकोया वृक्ष जळून मेले.

परंतु अमेरिका दूर आहे. आपणांस अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण कर्नाटकातील बिळिगिरी रंगनच्या डोंगरातले आहे. तेथील सोलिग लोक थंडीच्या अखेरीस, पाचोळा नुकताच वाळू लागला असता, रानात बारीक आग फिरवीत. तीस ते 'तरगु बेंकी' म्हणजे पाचोळ्याची आग म्हणत. ही आग गुडघ्याच्या वर जात नसे. १९७४ साली तो मुलूख अभयारण्य झाला व ही चाल बंद पडली. पुढे काय झाले? अभ्यासकांनी १९९७ साली त्या रानातील ठराविक तुकडे मोजले व २००८ साली तेच तुकडे पुन्हा मोजले. पहिल्या खेपेस निम्म्याहून कमी तुकड्यांत घाणेरी होती. दुसऱ्या खेपेस पाचांपैकी चार तुकड्यांत ती पसरली होती. सोलिग लोक आणखी एक गोष्ट सांगतात. आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ माजले, ते आग बंद झाल्यापासून. आवळा विकून पोट भरणारा माणूस आवळ्याच्या फांदीकडे कोणत्याही साहेबापेक्षा बारकाईने पाहतो, म्हणून हे बोलणे आम्ही वजनदार समजतो.

मात्र येथे घाई करू नये. घाणेरी केवळ आग थांबल्यानेच वाढली असे अभ्यासकही म्हणत नाहीत. आणि एकदा ती माजली म्हणजे जुनी चाल सुरू करून भागत नाही, कारण घाणेरीच्या जाळीत लागलेली आग गुडघ्याएवढी न राहता झाडाच्या शेंड्यास भिडते, झाड मरते, आणि घाणेरी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते. अशा रानात आधी कुदळ, मग आग.

सह्याद्रीस हे सर्व जसेच्या तसे लागू करणे ही तर शुद्ध चूक होईल. घाटमाथ्यावरील अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या सदाहरित रानास आगीची सवय नाही; तेथे ती कोणत्याही महिन्यात शिरता कामा नये. देवराईच्या कडा दरसाल हातभर जळत आत सरकत आहेत, हे ज्याने दहा वर्षे एकच देवराई पाहिली त्यास सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो या रानांस लागून असलेल्या गवताळ उतारांचा, म्हणजे बहुतांशी आपल्याच सातबाऱ्यावरील वरकस व पड जमिनींचा.

या उतारांवर आपण आग लावतो ती फाल्गुन-चैत्रात. गवत तेव्हा कोळ झालेले असते, दुपारचा वारा सुटलेला असतो, आणि चढाला लागलेली आग दर दहा अंशांस साधारण दुप्पट वेगाने पळते. तीच आग मार्गशीर्ष-पौषात, बुडखे ओले असताना लावली तर रात्रीच्या दवाने आपोआप विझते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ सालापासून तेथील मूळ रहिवासी पावसाळा सरताच असे पट्टे जाळून घेतात, म्हणजे पुढे कडक उन्हाळ्यातल्या वणव्यास खाद्य उरत नाही. आपणांसही हे नवीन नाही. राब भाजताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने काडी लावावी, म्हणजे तो सावकाश जळतो, हे कोकणातला व मावळातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. राबाच्या वाफ्यापुरती दाखविलेली ही अक्कल डोंगरावर गेल्यावर कोठे जाते, हे कोडे आहे.

सबब आमची सूचना अशी. सरसकट डोंगर जाळणे बंद करावे. चाऱ्याचे गवत कापून आणावे. मात्र रानाच्या व देवराईच्या कडेने, आणि गावठाणाच्या वरच्या अंगास, दहा-पंधरा हात रुंदीच्या जाळरेषा पौष संपण्यापूर्वी गावाने मिळून जाळाव्यात. ग्रामसभेत दिवस ठरवावा, वनरक्षकास लेखी कळवावे व त्यास हजर ठेवावे. १९२७ च्या जंगल कायद्यात राखीव जंगलास धोका पोचेल अशी आग लावणे गुन्हा आहे, आणि त्याच कायद्यात जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. शिक्षेचे कलम सर्वांस पाठ आहे, मदतीचे कोणास ठाऊक नाही. खात्यानेही आपल्या हद्दीवरील जाळरेषा वेळेवर घ्याव्यात; त्या कागदावर पौषात व जमिनीवर चैत्रात निघतात, असा आमचा अनुभव आहे. हल्ली उपग्रहावरून आगीची वर्दी भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर येते ही सोय उत्तम आहे, परंतु वर्दी येते तेव्हा आग लागलेली असते.

गतवर्षी आमच्या वाट्याच्या तीन एकर डोंगरपडीवर आम्ही हा प्रयोग केला. वरच्या अंगाचे दोघे शेजारी सामील झाले. पाच माणसे, दोन सकाळी, ओल्या डहाळ्या व पाण्याचे चार हंडे, एवढाच खटाटोप. पश्चिमेकडचे शेजारी मुंबईस असतात, त्यांच्या पट्टीस हात लावण्याची परवानगी मिळाली नाही. होळीनंतर तिसऱ्या दिवशी खालून आग आली. रेषा होती तेथे ती थांबली. पश्चिमेच्या पट्टीतून वर चढून तिने शेजाऱ्याची चाळीस कलमे नेली. पंचनामा झाला, व त्यात ते जुने वाक्य लिहिले गेले. यंदा त्या पट्टीसाठी आम्ही मुंबईस श्रावणातच पत्र टाकले आहे.