पहिला प्रश्न

गेल्या चतुर्थीला इन्सुलीला गेले होते. हो, तेच इन्सुली. गोव्याचा वीकएंड आटपून परतणाऱ्या मंडळींना हे नाव फक्त तपासणी नाक्यामुळे माहीत असतं. डिकी उघडा, बॅग दाखवा, चला पुढे! माझ्यासाठी मात्र इन्सुली म्हणजे काकीचं घर, शेणाने सारवलेलं खळं आणि भजनानंतरची गरमागरम उसळ.

त्या रात्रीही भजन झालं, उसळपाव वाटून झाला, माणसं पांगली. मागीलदारी काकी, मी आणि वाडीतली एक मुलगी भांडी घासत होतो. तिची ओळख पटेल असं इथे काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की वाडीतल्या बऱ्याच जणांसारखी तीही गोव्यात नोकरीला जाते. सकाळी अंधारात कंपनीची बस येते, रात्री आणून सोडते. टोप घासता घासता, मान वर न करता, ती बोलायला लागली. बसमध्ये सुपरवायझर रोज तिच्याच शेजारी येऊन बसतो. दिवे बंद झाले की त्याचा हात सुरू होतो. सीट बदलली तर तोही बदलतो. दोन महिने हे चाललं होतं.

माझ्या तोंडात प्रश्न तयार होता : ‘दोन महिने? मग आधी का नाही बोललीस?’

काकीने मला तोंड उघडूच दिलं नाही. हातातली राख झटकली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “बाय गो, तुजी काय्येक चूक नाय. तू सांगतंस तां खरां.” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकीने विचारलं, “तुका काय करूचा वाटता?”

बस्स, एवढंच. काकी सातवी शिकलेली आहे. कौन्सेलिंगचा कोर्स वगैरे तिने केलेला नाही. पण तिचा पहिला प्रश्न बरोबर होता आणि माझा चुकीचा.

हे इतक्या खात्रीने सांगते, कारण तो चुकीचा प्रश्न मी एकदा विचारून बसले आहे. पुण्यात नोकरीला लागले, तेव्हाची गोष्ट. आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. ऑफिसच्या पार्टीनंतर एकीला तिच्या सीनियरने घरी सोडलं. रात्री दीड वाजता ती माझ्या खोलीत आली आणि गाडीत काय झालं ते तिने सांगितलं. मी काय म्हणावं? “अगं, पण तू त्याच्या गाडीत बसलीसच कशाला?” ती गप्प झाली. महिन्याभरात नोकरी सोडून गावी गेली. मी मनाशी म्हटलं, घरची आठवण येत असेल. सोयीस्कर समजूत!

असे प्रश्न फक्त आपणच विचारतो असं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही ते विचारले गेले आहेत. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. आरोप दोन पोलिसांवर. सेशन्स कोर्टाने त्यांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का? तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं. थोडक्यात, ‘ओरडली का नाहीस?’

सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि आपले रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार. पोलीस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, एका गरीब मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकार कसा? पत्रामागोमाग मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायला बंदी आली, तीही तेव्हाच. पुढे २०१३ च्या बदलात तर स्पष्टच लिहिलं गेलं, की प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही.

म्हणजे बघा, कायद्याला त्या प्रश्नातून बाहेर यायला चाळीस वर्षं लागली. आपण मित्रमैत्रिणी, रूममेट, भाऊबहिणी तरी लवकर शहाणे होऊ या की!

तर उद्या तुमच्याकडे कुणी असं काही सांगायला आलं, तर काय करायचं? आधी ऐकायचं. तिचा निर्णय आपण घ्यायचा नाही. ‘पोलिसांत चल’ किंवा ‘पोलिसांत जाऊ नकोस’, दोन्ही तिच्यावर लादायचं नाही. (ती अठराच्या आतली असेल, तर मात्र पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.) आणि ती विचारेल तेव्हा नीट माहिती द्यायची.

माहिती अशी. बलात्कार झाला असेल तर डॉक्टरकडे जितक्या लवकर जाता येईल तितकं बरं. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झालेली चांगली. कोणत्याही हॉस्पिटलने, मग ते सरकारी असो की खासगी, तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं म्हणता येत नाही. तेव्हाचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही. ‘टू फिंगर टेस्ट’ कुणी करायला घेतली तर सरळ नाही म्हणायचं. ही टेस्ट करणं म्हणजे गैरवर्तन, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ साली बजावलं आहे.

आता इन्सुलीसारख्या सीमेवरच्या गावासाठी महत्त्वाचं. घटना गोव्यात घडली म्हणून तक्रार गोव्यातच द्यायला हवी असं नाही. ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. बांद्याला दिला तरी पुढे तो योग्य ठाण्याकडे पाठवणं पोलिसांचं काम. बाईला सरकारी वकिली मदतही फुकट मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन लावायचा तर महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

आणि कंपनीची बस? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा म्हणतो, की मालकाने दिलेली गाडी हेसुद्धा कामाचं ठिकाणच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची.

हे सगळं मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिने विचारलं तेव्हा. तिने चार दिवस विचार केला. मग माझ्या लॅपटॉपवर आम्ही तिघींनी बसून तक्रार लिहिली. वाक्यं तिची, टायपिंग माझं, चहा काकीचा. चौकशी सुरू असेपर्यंत त्या माणसाला दुसऱ्या बसवर टाकलं आहे. निकाल अजून यायचाय. ती रोज कामाला जाते.

मुंबईला परतल्यावर मी एक फोन केला. पुण्यातल्या त्या रूममेटला. नंबर मिळवायला दोन दिवस लागले, डायल करायला तीन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, “त्या रात्री मी जे विचारलं, ते चुकलं माझं.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “तो प्रश्न मला अजून आठवतो.”

मी काहीच बोलले नाही. या वेळी फक्त ऐकलं. तासभर.