आपल्या नोंदींची चावी कुणाकडे?



दोन वर्षांपूर्वी एका गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला. आम्ही तिघं कार्यकर्ते घरोघर फिरलो. कोण कुठे उभं होतं, फिर्याद घ्यायला किती तास लावले, नंतर कुणाला धमकी आली, सगळं मी मोबाइलमधल्या एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये लिहीत गेलो. तीन आठवड्यांनी खातं बंद झालं. कारण सांगितलं नाही, दाद मागायला माणूस नाही. वकिलांच्या हाती द्यायला उरली ती सोबतच्या ताईंची शंभर पानी वही.

दोष कंपनीला देऊन मोकळं होता येईल. पण चूक आमचीही होती. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 15अ खाली साक्षीदारांची नावं-पत्ते गुप्त ठेवण्याचे उपाय न्यायालय करू शकतं. तीच नावं आम्ही स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या कुलपात ठेवून आलो!

कुलूप दुसऱ्याचं असलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 1956 साली बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यांचं अप्रकाशित लिखाण वर्षानुवर्षे कुलपात पडून राहिलं. महाराष्ट्र शासनाची प्रकाशन समिती 1976 साली झाली, पहिला खंड 1979 साली निघाला. वसंत मून यांनी ते कागद नेटाने लावले नसते तर आज आपण काय वाचलं असतं? आणि हयातीत बाबासाहेबांनी काय केलं? स्वतःची पत्रं काढली, स्वतःचा छापखाना उभा केला. साधन दुसऱ्याचं असेल तर शब्दही त्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

फुकट मिळतं ते कायम फुकट राहतं, हाही भ्रम आहे. एव्हरनोटने 2023 च्या अखेरीस फुकट खात्यांवर 50 नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. एका प्रकरणाच्या जबान्याही त्यात मावणार नाहीत.

पर्याय आहे. जॉप्लिन हे ओपन सोर्स अ‍ॅप आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता आणि तपासता येतो. नोंदी आपल्या फोन-लॅपटॉपवर राहतात आणि साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढता येतात. उद्या जॉप्लिन बंद पडलं तरी लिखाण आपलंच. सगळ्या उपकरणांवर नोंदी सारख्या ठेवायच्या तर जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड बसवता येतं. त्यासोबत जॉप्लिनमधलं एन्क्रिप्शन आठवणीने चालू करा, म्हणजे तो लॅपटॉप कुणी उचलून नेला तरी तिथल्या नोंदी वाचता येणार नाहीत.

काही मित्र म्हणतात, "ज्याच्या घरी वीज टिकत नाही, त्याने सर्व्हर चालवायचा का?" प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाने चालवायचाच नाही. गावोगावी विहार आणि वाचनालयं आपण वर्गणीतूनच उभी केली ना? तसा तालुक्याला एक सर्व्हर, तो सांभाळणारी दोन मुलं-मुली आणि दर महिन्याला दुसऱ्या घरी ठेवलेली एक प्रत. तेवढंही जमत नसेल तर जॉप्लिन आणि एक पेनड्राइव्ह, एवढ्यावर सुरुवात होते. आपल्यात आयटीत नोकरी करणारे कमी नाहीत. जयंतीला वर्गणी देता, तसे दोन रविवारही द्या.

मात्र यंत्र आपलं झालं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली पेरल्या गेल्या, असं आर्सेनल कन्सल्टिंगच्या 2021 च्या अहवालाने सांगितलं. अनोळखी जोडपत्र उघडू नका, अपडेट टाळू नका, फोनला भक्कम पासवर्ड ठेवा. मालकी आली की पहाराही आपलाच.

आपल्या आजी-आजोबांच्या हाती लेखणीच येऊ दिली नाही, म्हणून त्यांच्यावरच्या अन्यायाची नोंद नाही. आपल्या हाती लेखणी आहे. तरीही आपण लिहिलेलं हरवलं, तर तो दोष कुणाच्या माथी मारणार?

शिका, संघटित व्हा, आणि आपली वही आपल्याच घरात ठेवा.

जय भीम!