लक्ष नसलेल्यांकडे दुर्लक्ष

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आलेला हा निर्देश स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु समुपदेशकाच्या खोलीपर्यंत कोण पोहोचणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि एक विकार तर असा आहे की, वेळेवर, कागदपत्रांसह, योग्य दारापाशी न पोहोचणे हेच त्याचे प्रमुख लक्षण आहे.

अवधानत्रुटी व अतिचंचलता या जोडनावाने, किंवा एडीएचडी या आद्याक्षरांनी, तो ओळखला जातो. बाकावर उभे राहणारे, शेजाऱ्याची पाटी ओढणारे मूल एवढीच त्याची प्रतिमा आपल्याकडे रूढ आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, आणि पुढे कितीतरी दशके हा बालपणाचाच विकार, मोठेपणी आपोआप सुटणारा, असे मानले गेले. ते खरे नव्हते. वयाबरोबर हातापायांची चुळबूळ ओसरते. मनाची अस्थिरता पुष्कळांच्या बाबतीत राहते. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज पाहता शंभर प्रौढांत दोन ते तीन जण असे असावेत. म्हणजे चाळीस शिक्षकांच्या शाळेत सरासरीने एक.

तो एक जण कोण, हे सर्वांना ठाऊक असते. फक्त त्याचे नाव वेगळे ठेवलेले असते. आवक-जावक बारनिशीत ज्याच्या नोंदी आठवडाभर मागे असतात तो लिपिक, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेवटच्या रात्री सोडणारा प्राध्यापक, वर्षभर हुशारीने प्रश्न विचारून परीक्षेचा अर्ज भरायला विसरणारा विद्यार्थी. मुलींच्या बाबतीत तर हेही दिसत नाही, कारण त्या वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहत असतात आणि शांत मुलीची तक्रार कोण करणार? पुढे घर आणि नोकरी या दोन्हींचा हिशेब ठेवण्याची वेळ आली की मग सारे एकदम कोसळते. वेंधळा, धांदरट, निष्काळजी, आळशी ही विशेषणे आपल्या भाषेत विपुल आहेत. वस्तुतः या माणसांकडे अवधान नसते असे नाही. ते हवे तेथे, हवे तेव्हा लावता येत नाही. आवडत्या विषयात हाच माणूस पाच-पाच तास मान वर करीत नाही, आणि सहकारी म्हणतात, ‘मनात आणले की करतो की!’ त्याच्याविरुद्धचा सर्वांत घातक पुरावा तो हाच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. उद्याच्या शंभर रुपयांचे मूल्य आज शंभरांपेक्षा कमी वाटते, हे आपण वर्गात शिकवतो. ही वजावट प्रत्येक जण करतो. अवधानत्रुटी असलेल्यांत ती सरासरीने अधिक तीव्र असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. महिन्याने येणारी मुदत त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती एकदम आदल्या रात्री. त्याची किंमत रोखीत मोजावी लागते. प्राप्तिकराचे विवरणपत्र चुकले की पाच हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क, विम्याचा हप्ता राहिला की पॉलिसी बंद, विजेच्या बिलावर आकार, आणि नोकरीत ‘कारणे दाखवा’ नोटीस. हा एक कर आहे. तो प्रतिगामीही आहे. कारण ज्याच्याकडे कारकून, चिटणीस वा हिशेबनीस आहे त्याला तो लागत नाही.

प्रस्तुत लेखकाला हे निदान वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी झाले. त्यासाठी जे करावे लागले ते सांगण्यासारखे आहे. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी होती याचा आधार लागतो, म्हणून जुनी प्रगतिपुस्तके शोधायची (‘हुशार, पण लक्ष नाही’ हा शेरा तिसरीपासून दहावीपर्यंत बदललेला नव्हता), थोरल्या बहिणीला मुलाखतीसाठी न्यायचे, लांबलचक प्रश्नावल्या भरायच्या, थायरॉइडची तपासणी करून घ्यायची, आणि या सगळ्यासाठी शहरात चार खेपा. यातील एकही पायरी अनावश्यक नव्हती. निद्रानाश, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडते. ते वेगळे काढावेच लागते. पण कागद हरवणाऱ्या माणसाकडून तीस वर्षांपूर्वीचे कागद मागणे आणि भेटी चुकवणाऱ्याला चार भेटी देणे, ही व्यवस्था लंगड्यासाठी माडीवर दवाखाना थाटण्यासारखी आहे.

औषधाचे तेच. मिथाइलफेनिडेट हे या विकारावरील प्रमुख औषध. दुरुपयोगाच्या भीतीने ते अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत ठेवले आहे. विक्रेत्याला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत त्याला दोन वर्षे जपावी लागते. इतक्या उपद्व्यापात कोणता दुकानदार पडेल? तालुक्याच्या गावी ते मिळणे दुरापास्तच. ही भीती निराधार नाही. पण तिचा भार पडतो तो चिठ्ठी सांभाळून दर महिन्याला लांबच्या दुकानी जाण्यास सर्वांत कमी समर्थ असलेल्यावर. कामात अशी विनाकारण खेच घालणाऱ्या पायऱ्यांना नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी २०१८ मध्ये ‘स्लज’ म्हटले. स्लज म्हणजे गाळ. सरकारी कचेरीत उभे राहिलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

हल्ली ज्याला त्याला हा विकार असल्याचे वाटते, मोबाइलने सर्वांचेच लक्ष पळवले आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पडद्यावरची सहा प्रश्नांची चाचणी म्हणजे निदान नव्हे. परिस्थितीनेही अवधान खर्ची पडते. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच शेतकरी हंगामापूर्वी पैशाच्या चणचणीत असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि ऊस गेल्यावर पुढे आले. फरक इतकाच, की त्यांचे अवधान पैसा आल्यावर परत आले. अवधानत्रुटी असलेल्यांचे पगाराच्या दिवशीही येत नाही. खरे-खोटे निवडण्याचा उपाय तज्ज्ञाची तपासणी हाच आहे, आणि ती दुर्मिळ असल्यामुळेच स्वनिदानाचा बाजार फोफावला आहे.

दुर्मिळ म्हणजे किती? देशात लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे. निदान तीन असावेत अशी अपेक्षा सांगितली जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. (त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही आणखी एक गोष्ट.) कायदा मात्र उदार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजारांत भेद करण्यास मनाई केली. पण आपल्याकडचा आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असतो. अवधानत्रुटीसाठी कोणी दाखल होत नाही. खर्च होतो तो भेटींवर आणि गोळ्यांवर. समानता पाळली गेली आणि रुग्णाच्या पदरात काही पडले नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचे नाव आहे, अवधानत्रुटीचे स्वतंत्र नाव नाही. आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला तर डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस म्हणजे बुडालेले मानधन.

यावर फार पैसा लागेल असेही नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एकाच खेपेत होतील तितक्या तपासण्या, आदल्या दिवशी दूरध्वनीवर आठवण, आणि तेथेच औषध. कचेरीत तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, आणि महिन्याच्या कामाला एका मुदतीऐवजी चार छोट्या मुदती. याला कोणाची मंजुरीही नको. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. पहिला शब्द बोलायला ती उपयोगी आहे, निदान व नियमित उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही.

राहता राहिला महाविद्यालयांतील समुपदेशक. अनुभव असा आहे की, अशी पदे मानसशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवली जातात आणि दारावर पाटी लागते. तसे होऊ द्यायचे नसेल तर विद्यापीठांनी संलग्नता तपासताना पाटी न पाहता नोंदवही पाहावी: किती जण आले, किती जण दुसऱ्यांदा आले, आणि जे आले नाहीत त्यांना कोणी दूरध्वनी केला.