अवतरणातलं कोथरूड

शनिवारची रात्र, साडेअकरा. सकाळी स्टोरी द्यायची आणि स्क्रीनवर उत्तर काय, तर शून्य. पाण्याच्या तक्रारी, कोथरूड: शून्य! बॉस, मी स्वतः कोथरूडची. आमच्या सोसायटीनेच चार तक्रारी ठोकल्यात.

झालं असं, की एका संस्थेकडून तक्रारींचा डेटा मिळाला, पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये. तारीख वेगळ्या रकान्यात, बाकी सगळं एकाच रकान्यात जेसन म्हणून कोंबलेलं. डब्यात डबे, त्यात आणखी डबे. मास कॉमला आम्हाला हेडलाइन शिकवली, हे नाही.

आधी लिहिलं, माहिती->'भाग' = 'कोथरूड'. एरर! मग शहाणपणा करून डावी बाजू टेक्स्टमध्ये कास्ट केली. एरर गायब, मी खूश. 'कोथरूड सुखी' असं वाक्यही टाइप केलं होतं. खरं सांगते, ते छापून आलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

शेवटी मावसभावाला फोन. झोपेतूनच म्हणाला, "अगं, एकच बाण मारलास ना? दोन मार."

फंडा असा. -> हा बाण हातात जेसनच ठेवतो, अवतरणचिन्हांसकट. कास्ट केलं तरी ती चिन्हं चिकटून राहतात. म्हणजे तिकडे "कोथरूड", मी शोधतेय नुसतं कोथरूड. जुळणार कसं? ->> मात्र चिन्हं सोलून साधा मजकूर देतो. हे दोन्ही बाण २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून आहेत. डबा आत असेल तर माहिती->'पत्ता'->>'भाग', दुहेरी बाण फक्त शेवटी. कारण एकदा साधा मजकूर झाला की त्याच्या आत शिरता येत नाही.

आणि हो, माझ्या यादीत 'नल' नावाची एक वस्तीही होती. पाण्याच्या स्टोरीत नल, मला वाटलं असेल एखादी! निघालं असं, की भाग न भरलेल्या तक्रारींतला 'काही नाही'वाला नल कास्टमुळे चक्क शब्द बनला होता. ->> ने तो खराखुरा रिकामा आला. त्या तक्रारी मी वेगळ्या मोजल्या.

कोथरूड सापडलं, आमच्या चारही तक्रारींसकट. पहाटे दोनला स्टोरी पाठवली. 'सुखी'वालं वाक्य अर्थातच उडवलं. भाऊ अजून पार्टी मागतोय.